डी नावाची कणगी

१

मैना ‘पाणी’ म्हणायचं विसरली, एवढ्यावरून शरयूचा रात्रभर डोळा लागला नाही.

झालं होतं इतकंच. संध्याकाळी पोरीनं रिकामा पेला पुढं केला आणि नुसतं “अं, अं” केलं. गणपतीत शिकलेला शब्द. ‘णी’सकट स्वच्छ म्हणायची. शरयूनं पेला मागं धरला. “काय हवंय मैनाला? काय म्हणायचं?” मैनानं तिच्याकडं पाहिलं ते परमुलखात गाडी चुकलेल्या माणसानं पाट्यांकडं पाहावं तसं. मग पुन्हा “अं.”

अडीच वर्षं उलटेपर्यंत ही मुलगी मुकाट होती. नाव सासऱ्यांनी हौसेनं मैना ठेवलेलं, त्यामुळं लोधिवलीतल्या येणाऱ्याजाणाऱ्याला चिमटा काढायला आयतं मिळे. “मैना बोलत नाय व्हय अजून?” शरयू हसून वेळ मारून न्यायची आणि आत जाऊन पोरीच्या कानाशी पातेलं वाजवून पाहायची. कान शाबूत होते. गणपतीत एकदाची वाचा फुटली. पाणी, काऊ, बाबा, आई, दे, नको. आणि शिंक्यावरचं लोणी जपावं तसे शरयू ते शब्द जपत आली होती.

म्हणून रात्रभर उलटतपासणी. दात येतायत का? जंत? कुणाची दृष्ट? आपण परवा दूध सांडल्यावर ओरडलो, ते मनावर घेतलं? मराठी घेऊन बी. ए. झालेल्या बाईचीच मुलगी शब्द विसरते, यात वरच्याचा काही खवचटपणा? पहाटेपर्यंत तिनं देवालाही संशयितांत बसवलं होतं.

सकाळी जयवंतला सांगितलं तर तो चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, “अगं, मी रोज चष्मा विसरतो.”

“चष्मा विसरता. ‘चष्मा’ हा शब्द विसरत नाही तुम्ही.”

जयवंतनं बिस्किटाकडं पाहिलं. ते मोडून चहात पडलं होतं. “तू रात्री झोपत जा गं,” तो म्हणाला, आणि चपला बाहेर काढून कॉम्प्युटरच्या खोलीत गेला.

२

कधीपासून विसरली, याचा शोध शरयूनं मागं मागं जात घेतला, आणि ती येऊन थांबली दसऱ्याच्या सकाळपाशी. त्या दिवशी मैना ‘पाणी’ म्हणाली होती. त्यानंतर म्हणाल्याचं काही केल्या आठवेना.

जयवंतनं खोपोलीच्या कारखान्यातली ड्राफ्ट्समनची नोकरी सोडून वर्ष होत आलं होतं. लोक म्हणत, घरी बसला. तो म्हणे, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करतो. आसपासच्या वर्कशॉपांना लागणारे दातेरी चाकांचे, पुल्यांचे, झडपांचे नकाशे तो त्या हिरव्या अक्षरांच्या पडद्यावर काढायचा. रस्त्याकडची खोली त्यासाठी दिलेली. तिथं चपला बंद, धूळ बंद, ओला हात बंद. पंखा मात्र सदैव चालू, माणसांसाठी नव्हे, मशीनसाठी. शरयू त्या खोलीला मनातल्या मनात सोवळ्याची खोली म्हणे.

नकाशे वाढले आणि आतली डिस्क भरली. म्हणून दुसरी. ती घेऊन दसऱ्याला नेरळहून कमळ्या आला, जयवंतचा वर्गमित्र, स्कूटरच्या डिकीत जुन्या पंच्यात गुंडाळलेला डबा घेऊन. विटेएवढा, विटेहून जड.

“नवी आहे ना हो भावजी?” शरयूनं विचारलं.

“म्हणजे काय वहिनी! खोक्यातली.”

“खोकं कुठंय?”

“खोकं… दादरलाच राहिलं.”

स्क्रूच्या भोकांभोवती ओरखडे होते. कुणीतरी ती कुठंतरी बसवली होती आणि घाईनं काढली होती. शरयूला दिसलं, पण नवऱ्याच्या मित्रावर संशय घेण्याचा तिचा त्या महिन्याचा वाटा संपला होता.

कमळ्यानं मशीनचं झाकण काढलं. पहिल्या डिस्कशेजारी दुसरीला बसवलं, चपटी राखाडी पट्टी एकीतून दुसरीत ओढली. “ही सी, ही डी,” त्यानं ओळख करून दिली. डीच्या तोंडावर तांबडा दिवा होता, गुंजेएवढा. मशीन चालू केल्यावर तो एकदा लागला, आत दाणे चाळल्यासारखं काहीतरी वाजलं, आणि विझला.

“आता बंद नाही करायचं हां जया. चालू-बंद केलं की डिस्कचं आयुष्य कमी होतं. चालूच ठेव.”

गोदूबाई दारात उभी होती. धुणंभांडी करून ती मैनाला सांभाळायची. हातात नवं होतं: भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, झेंडू. दारावर, उंबऱ्यावर, पाट्यावर बांधून झालं होतं. आता या मशीनला बांधायचं का, हा तिचा प्रश्न.

“ह्ये नवीन काय बसवलं म्हनायचं?”

“साठवायचं आहे ते, गोदूबाई,” जयवंत म्हणाला.

“म्हंजी कणगी.”

कमळ्या हसला. “कणगीच! रिकामी आहे सध्या.”

गोदूबाई हसली नाही. “रिकामी कणगी घरात ठेवू नये, दादा. मूठभर दाणं तरी टाकावं आत. नायतर मग ती आपल्या मनानं भरून घेते.”

“हिच्यात दाणे टाकलेत तर मी जीव देईन,” जयवंत म्हणाला.

“मग जे साठवायचं ते टाका. पन घरातल्या हातानं, आन पयलं.”

खरं तर विषय तिथंच संपायचा. पण सणाचा दिवस होता, सगळे हसत होते, आणि शरयूला वाटलं आपणही एखादी गंमत करावी. घरात सदा काळजी करणारी बाई आपणच का असावं? तिनं मैनाला कडेवर घेतलं, डीच्या तांबड्या दिव्यासमोर धरलं आणि म्हणाली, “मैना, यात एक शब्द टाक. पहिला तुझा.”

मैनानं बोट पुढं केलं आणि म्हणाली, “पाणी.”

दिवा लागला. दाणे चाळले गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

३

आठवडाभरात ‘काऊ’ गेला. मग ‘बाबा’.

कावळा कुंपणावर बसला तर मैना त्याच्याकडं बोट दाखवायची, तोंड उघडायची आणि उघडंच ठेवायची. जयवंत नकाशे पोचवून खोपोलीहून आला की ती पूर्वीसारखी धावायची, पण मुक्यानं. जयवंतला ते टोचलं. त्यानं तिला नेहमीपेक्षा उंच उडवलं.

चौक गावचे डॉक्टर म्हणाले, “मुलं शिकतात, विसरतात, परत शिकतात. आईनं धीर धरायचा.” शरयूला धीराचं औषध लिहून मिळालं असतं तर हवं होतं.

आता ती पाळतीवर बसू लागली. भाजी निवडायच्या मिषानं ताट घेऊन मधल्या बोळात, जिथून सोवळ्याची खोलीही दिसे आणि ओटीही. पहिला संशय गोदूबाईवर. ही पोरीला दटावते का? मुकं राहायला शिकवते का? पण गोदूबाई दिवसभर बडबडायची, मैना तिच्या मागं मागं, आणि शरयूला स्वतःची लाज वाटून ती जास्तीची मेथी निवडायची.

एके दुपारी मैना खोलीच्या उंबऱ्यावर खेळत होती. जयवंत घरी नव्हता. पडदा काळा, कोपऱ्यात एक हिरवी रेघ लुकलुकत. पोरीच्या हातून चेंडू निसटून टेबलाखाली गेला. तिनं मशीनकडं बघत म्हटलं, “दे.”

तांबडा दिवा लागला. दाणे चाळले गेले. विझला.

रस्त्यावरून ट्रक गेला होता का? गेला असेल. ट्रक कायमच जात. टेबल हलतं, डिस्क वाजते. कमळ्यानंच सांगितलं होतं.

संध्याकाळी मैनाला बिस्कीट दाखवलं. तिनं हात पुढं केला. हात तसाच राहिला, ओठ हलले, आणि तिचे डोळे भरून आले. शब्दाच्या जागी काहीच नव्हतं, जिना उतरताना पायरीच नसावी तसं.

दुसऱ्या दिवशी शरयूनं परीक्षा घेतली. कुणी नाही असं पाहून, चपला काढून, मशीनसमोर उभी राहिली. “टेबल,” ती म्हणाली. काही नाही. “खुर्ची. इर्शाळगड. षष्ठी तत्पुरुष.” काही नाही. वर्तमानपत्रातल्या अग्रलेखाचा पहिला परिच्छेद मोठ्यानं वाचला. दिवा विझलेलाच. अग्रलेख कुणालाच नको असतात. ती स्वतःशीच हसली आणि तिला हलकं वाटलं. वेडी आहेस तू शरयू, नुसती वेडी.

त्या दिवशी जयवंत पडद्यासमोर बसून कपाळ चोळत होता. “तू बसली होतीस का गं मशीनवर?”

“मी? मी नुसती आत आले तरी तुम्ही धूळ शोधता.”

“डीवर मी अजून एक नकाशा ठेवलेला नाही. विचारलं तर म्हणते, काही नाही आत. आणि मोकळी जागा मात्र कमी कमी दाखवते. कमळ्याला फोन केला चौकहून. म्हणतो, खराब जागा असतील, रविवारी येऊन फॉरमॅट मारतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे पुसायची. पाटी कोरी.”

“आत जे असेल ते?”

“काही नाहीच आत.”

“पण असलं तर?”

जयवंतनं वळून पाहिलं. “तर गेलं. कायमचं. का गं? तू काय ठेवलंयस?”

शरयू म्हणाली, “मी कशाला काय ठेवतेय.”

४

लाटण्याची गोष्ट घडली नसती, तर तिनं स्वतःला समजावून टाकलंही असतं.

पोळ्या करताना मैनानं लाटणं पळवलं आणि ती तडक सोवळ्याच्या खोलीत. शरयू पिठाच्या हातानं मागं. मैनानं ते दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं होतं, मशीनवर घालायच्या बेतात.

“लाटणं दे!” शरयू ओरडली. “लाटणं दे इकडं!”

तांबडा दिवा लागला. त्या वेळी तिचं तिकडं लक्षच नव्हतं.

थोड्या वेळानं पोळपाटासमोर बसून ती गोदूबाईला म्हणाली, “ते… ते द्या ना जरा.”

“काय?”

“ते हो. लाकडाचं. पोळी… गोल करायचं.”

“लाटनं?”

शरयूनं मान हलवली. गोदूबाईच्या तोंडून तो आवाज तिनं ऐकला, पण तो ओळखीचा नव्हता. परक्या भाषेतला होता जणू, कानडी किंवा आणखी लांबचा. तिनं मनात म्हणून पाहिला, निम्म्यातच सुटला. दात पडल्यावर जीभ जिथं जाते तिथं ती दिवसभर जात राहिली आणि प्रत्येक वेळी तिथं काही नव्हतं.

झोप नाही, म्हणून असं होतंय. बाळंतपणानंतर तिची मावशीसुद्धा मुलांची नावं विसरायची. कारणं तिला कधीच कमी पडत नसत.

पण मैना ओटीवर पेला घेऊन आली, आणि म्हणाली, “दे.”

शरयूनं पेला धरला नाही. तिला धरवेना. ‘दे’ परत आलं होतं. एक गेलं, एक आलं. कारण एकाचंही लागत नव्हतं, आणि दोन्हींचं मिळून एकच लागत होतं.

उरलेली दुपार तिनं तो विचार उलटापालटा करून पाहिला. डीच्या आत जे होतं त्याला वाचलेलं नको होतं, पाठ केलेलं नको होतं. कुणाला तरी मनापासून बोललेलं हवं होतं. हाक, मागणं, गरज. नुसता कोंडा नव्हे, दाणा.

जयवंतला सांगावं? काय सांगायचं? की तुमच्या हार्ड डिस्कनं माझं पोळ्यांचं ते नेलं? तो हसला नसता. तेच वाईट. त्यानं तिला डॉक्टरकडं नेलं असतं, आणि रविवारी कमळ्यानं पाटी कोरी केली असती.

५

शनिवारी तिनं सोवळ्याच्या खोलीला बाहेरून कडी लावली. जयवंतनं काढली. “मला काम आहे गं.” तिनं पुन्हा लावली. त्यानं पुन्हा काढली, या वेळी तिच्याकडं न बघता.

मैनाला तिनं कमरेला चिकटवून ठेवलं. उरलेले शब्द तिला माहीत होते. नको. दे. आणि तिसरा.

दुपारी जयवंत हात धुवायला मोरीत गेला आणि दार उघडं राहिलं. शरयू फक्त दूध उतरवायला वळली. पाय अडखळल्याचा आवाज आला, मग रडू, मग तो शब्द, मोठ्यानं, जीव तोडून, ज्या एका हाकेला शरयू कुठूनही धावत गेली असती:

“आई!”

ती पोचली तेव्हा मैना टेबलाच्या पायाशी बसली होती, गुडघा धरून. तांबडा दिवा लागलेला. दाणे चाळले जात होते, या वेळी बराच वेळ, सावकाश, कुणीतरी मूठ मूठ भरून हाताला वजन पाहत असल्यासारखे.

मैनानं तिच्याकडं पाहिलं आणि ओठ उघडले. तसेच ठेवले. पोरीचा चेहरा कसनुसा झाला. समोरची बाई तिला माहीत होती; फक्त तिला बोलवायचं कसं, ते कुठं सापडत नव्हतं.

“काय झालं?” जयवंत ओल्या हातानं दाराबाहेर थांबला. आत येणार नव्हता. हात ओले होते.

“पडली,” शरयू म्हणाली.

६

रविवारी सकाळी जयवंत कमळ्याला आणायला चौकपर्यंत गेला. कमळ्याच्या स्कूटरचा टायर बसला होता; पंक्चर काढून दोघं तिच्यावरूनच येणार होते. गोदूबाई ओटीवर मैनाला भात भरवत होती. शरयू चपला काढून आत गेली, दार लोटलं आणि मशीनसमोर पाट टाकून बसली.

पडदा काळा. हिरवी रेघ लुकलुकत. तिला वाटलं, आता इथं कुणी आलं तर मी बघत्येय ना, मशीन बंद आहे की चालू, एवढंच म्हणेन. मग तिनं आवाज खाली घेतला आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलायला लागली.

“दार लाव. वारा येतोय.”

दिवा लागला. विझला. तोंडात एक जागा रिकामी झाली.

ओटीवर मैना म्हणाली, “पाणी.”

“अगं बाय माजी!” गोदूबाई ओरडली. “वैनी, पोरगी पानी मागतंय! ऐकलंव का?”

शरयूनं ऐकलं. तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. काही वेळ तिला हसूच आवरेना, आणि ते हसणं तिचं तिलाच आवडलं नाही.

“खिडकी उघड जरा.”

“काऊ,” ओटीवरून आवाज आला. “काऊ! काऊ!”

“उशी दे रे, मान दुखतेय.”

“बाबा,” मैना म्हणाली. मग सगळे एकत्र, नवं खेळणं मिळाल्यासारखे: “बाबा, काऊ, पाणी, नको, दे!”

गोदूबाई टाळ्या पिटत होती. शरयू घामानं भिजली होती, पंखा चालू असून. इतकं सोपं? तिला आयुष्यात काहीच इतकं सोपं मिळालं नव्हतं, आणि म्हणूनच तिला या देणाऱ्याचा संशय आला. बाजारात इतक्या स्वस्तात माल देणारा माणूस मागं दुसरा हात कशावर ठेवून असतो?

पण एक राहिला होता.

“चप्पल आण माझी,” ती म्हणाली. दिवा लागला. ओटीवर काही नाही.

“भाकरी वाढ.” लागला. काही नाही. “दिवा लाव. बस इथं. हात धर माझा.” लागला, लागला, लागला. ओटीवरून मैनाचं हसणं, गोदूबाईचं कौतुक, काऊ आणि बाबा. तो मात्र नाही. ती मोठे शब्द देत होती, जुने देत होती, स्वतःच्या लहानपणचे देत होती, परकराचे, झोपाळ्याचे, चिंचेचे. ते सगळे घेतले जात होते आणि बदल्यात आतून काहीच येत नव्हतं. आपण काय काय दिलं हेसुद्धा आता तिला नीट सांगता आलं नसतं.

हायवेवरून वळून स्कूटर कच्च्या रस्त्याला लागली. तिचा आवाज तिला कळला. त्या आवाजाला काय म्हणतात ते कळलं नाही.

ती पुढं वाकली. “तो दे,” ती कुजबुजली. “बाकीचं सगळं राहू दे तुला. तो एक दे. ती मला ज्यानं बोलावते तो. ऐकतोयस ना? तुझा काय उपयोग त्याचा? मी तिची आई आहे.”

तांबडा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

दाणे चाळले गेले नाहीत. पंख्याचा आवाज येत होता, दुसरा कुठलाच नाही. पडद्याच्या काळ्या काचेत तिला तिचा चेहरा दिसत होता, कपाळावर घाम, सैल झालेला अंबाडा. ती बोलायची थांबली होती. तिनं ओठ मिटले होते. मिटले आहेत की नाहीत हे तिनं बोटांनी चाचपून पाहिलं. मिटले होते.

काचेतले हलत होते.

७

“वहिनी, तुम्ही इथं?” कमळ्या चपला काढून आत आला, मागून जयवंत. “बसा, बसा. दोन मिनिटांचं काम. ही काय, दिवा नुसता लागून राहिलाय. हेडच अडकलंय बहुतेक.”

“हिला काही…” शरयू म्हणाली आणि थांबली. वाक्याचा पुढचा भाग होता, पण त्यात मधे मधे जागा होत्या.

जयवंतनं तिला हाताला धरून उठवलं. “थंड पडलाय हात तुझा. जा, बाहेर बस जरा. मैना बोलतेय, ऐकलंस ना? मला लांबूनच ‘बाबा’ म्हणाली!” त्याचा चेहरा दसऱ्याच्या दिवशीसारखा झाला होता. “उगाच घोर लावून घेतलास.”

कमळ्यानं काहीतरी टाइप केलं. पडद्यावर इंग्रजीतून विचारणा आली: सगळं जाईल, पुढं जायचं?

“जायचं ना जया?”

“जायचं की.”

शरयूला ओरडायचं होतं. कमळ्यानं होकाराचा वाय दाबला.

ती ज्यातून आत-बाहेर करतात त्या चौकटीतून बाहेर आली. पायात घालायचं ते घातलं नाही. बोळात उजेड कमी होता आणि पुढं ओटीवर ऊन होतं, आणि उन्हात गोदूबाई, तिच्या मांडीवर मैना, ओठांना शीत चिकटलेलं. पोरगी ठीक होती. धडधाकट होती. सगळं परत आलं असेल का? शरयू तिथंच उभी राहिली, हात छातीशी धरून. याच्याचसाठी केलं होतं सगळं, हे तिला पक्कं माहीत होतं. आता ते येऊ दे, एकदा कानावर पडू दे, मग काय व्हायचं ते होवो.

मैनानं तिला पाहिलं. तोंडभर हसली, दोन्ही हात पुढं केले, आणि एक शब्द म्हणाली. लहानसा. स्वच्छ.

“बगा वैनी!” गोदूबाईनं डोळ्यांना पदर लावला. “ऐकलंव ना? किती गॉड म्हनली!”

शरयूलाही तो गोड वाटला. कोण आलंय हे बघायला ती मागं वळली. बोळ रिकामा होता. खोलीतून दाणे चाळल्याचा आवाज येत होता, एकसारखा, न थांबता.

“कुणाला बोलावतेय ती?” तिनं विचारलं.

गोदूबाईचा पदर डोळ्यांपाशीच राहिला.

मैना मांडीवरून उतरली. भाताच्या हातांनी तिनं शरयूचा पदर ओढून तिला खाली बसवलं, तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं, आणि ओठ मोठे करत, अजिबात घाई न करता म्हणाली,

“म्हण. आ… ई.”